चालू इंजिनाचा दादासो

गारगोटी लायनीला वडापच्या, म्हणजे शिटा भरून धावणाऱ्या, जीपा जोरात होत्या, त्या काळात दादासो कांबळेची जीप दिसायच्या आधी ऐकू यायची. बाकीचे ड्रायव्हर प्याशिंजर भरेपर्यंत गाडी बंद करून पानपट्टीवर टेकायचे. दादासो टेकायचा, पण गाडी चालू ठेवून. म्हातारीचं गठुडं टपावरनं उतरवून देईपर्यंत खाली इंजिन धडधडतंय. डिझेल जळतंय, धूर निघतोय, शेजारचा केळीवाला आयमाय काढतोय, आणि दादासो आपला निवांत बशीतला चहा फुंकतोय.

ह्याला कारण होतं. जीपचा सेल्फ-स्टार्टर लहरी होता, कधी लागायचा, कधी नाही. एकदा भर बाजाराच्या दिवशी गाडी स्टँडावर बंद पडली आणि आत कोंबलेल्या सगळ्या माणसांना उतरून धक्का मारावा लागला. त्यात दादासोचा सासरा होता. नवं नवं लग्न, धोतराचा सोगा तोंडात धरून गाडी ढकलणारा सासरा, आणि पोट धरून हसणारे दहा ठिकाणचे ड्रायव्हर! झालं. माणसानं त्या दिवशी जी खूणगाठ बांधली ती बांधली. आपल्या हातात गाडी असताना इंजिन बंद पडणार नाही. पुढं सेल्फ नवा बसवला, जीप जाऊन दुसरी आली, वडाप सोडून काही वर्षं ट्रक चालवला, मग एका कारखानदाराच्या मोटारीवर नोकरी धरली, तरी गाठ सुटली नाही. साहेब वर मीटिंगला, खाली मोटार चालू. साहेबानं एकदा पेट्रोलचा विषय काढला, तर ह्यानं तोंड वर करून सांगितलं, "साहेब, इंजिन गार पडलं की आजारी पडतंय." साहेब परदेशात शिकून आलेला माणूस. त्यानं मान डोलावली आणि परत कधी विचारलं नाही.

आता दादासोनं साठी ओलांडली होती. नोकरी संपली होती. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून झाला होता. पोरगा प्रसेनजीत पुण्यात कंपनीत, पोरगी श्रुती कोल्हापुरातच कॉलेजात शिकवायची. श्रुतीनं मोटार घ्यायची ठरवली तेव्हा घरात कुणी कुणाला विचारलं नाही, गाडी कोण पसंत करणार ते ठरलेलंच होतं. दादासोनं चार शोरूम पालथ्या घातल्या. प्रत्येक गाडीच्या बॉनेटला कान लावला. "ह्येचा आवाज पोकळ हाय." "हिला दम न्हाय." शेवटी एका गाडीपाशी येऊन बॉनेटवर थाप मारली आणि सगळ्या शोरूमला ऐकू जाईल असं सांगितलं, "ही घ्यायची. डोळं झाकून घ्यायची. हमी माझी."

गाडी ताब्यात द्यायच्या दिवशी वर्षाराणी नावाची एक पोरगी आली. शोरूमची. श्रुती आत सह्या करत होती, दादासोची बायको सरुबाई पेढ्यांचा पुडा मांडीवर घेऊन मागच्या सीटवर आधीच जाऊन बसली होती. वर्षाराणी लगबगीनं म्हणाली, "काका, थोडं समजावून सांगते. ह्या गाडीत एक सिस्टीम आहे, ती सिग्नलला..."

"पोरी," दादासोनं हात वर केला, "तू फ्रॉक घालत हुतीस तवा मी फोंड्याच्या घाटात ट्रक रिव्हर्स घेत हुतो. मला काय समजावतीस? चावी दे."

पोरगी बिचारी हसली. चावी दिली. दादासोनं गाडी अशी झोकात बाहेर काढली, की सरुबाईच्या मांडीवरचा पुडा खाली आणि पेढे सीटखाली.

त्याच संध्याकाळी पुण्याहून प्रसेनजीतचा फोन. अभिनंदन झालं, फोटो मागवून झाले, मग तो जरा घुटमळला. म्हणाला, "आप्पा, राग मानू नका. डोळ्याचं ऑपरेशन झालंय, वय झालंय. मी दिवाळीच्या सुट्टीला येतो, तुमच्या शेजारी बसतो. हात पक्का वाटला तर गाडी तुम्हीच चालवायची, मी परत बोलणार नाही. नाहीतर श्रुती क्लास लावून शिकेल आणि ती चालवेल."

दादासो हसत हसत "बघ की लेका" म्हणाला, पण फोन ठेवल्यावर त्याला जेवण गेलं नाही. घरात टीव्ही होता, नातलग होते, कट्ट्यावर बसायला म्हातारे होते. पण ह्या माणसाला स्टेअरिंगशिवाय दुसरं काही नव्हतं. देवाधर्माचा नाद नाही, पत्त्यांचा नाही, तंबाखू कधीच सोडलेली. गाडीत बसला की तो दादासो ड्रायव्हर. खाली उतरला की कुणाचा तरी बाप आणि कुणाचा तरी पेन्शन नसलेला नवरा. दिवाळीपर्यंत हात असा बसवायचा, की पोराला नाव ठेवायला जागा मिळता कामा नये, असं त्यानं मनाशी घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सीटचा पट्टा लावून एकटा बाहेर पडला. दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला लाल दिवा लागला. दादासोनं सवयीनं गाडी न्यूट्रल केली, क्लचवरचा पाय काढला, काच खाली घेतली. आणि इंजिन गप झालं.

म्हणजे भडभड नाही, धडधड नाही, काही नाही. पुढं काट्यांच्या काचेवर कसलंसं हिरवं चिन्ह लागलं होतं, ते बघायला त्याला भान कुठलं? शेजारी मोटारसायकलवर बसलेलं एक पोरगं वाकून आत बघत म्हणालं, "काका, बंद पडली व्हय?" दादासोनं घाईनं क्लच दाबला, चावीकडं हात नेला, तोवर गाडी आपली आपण चालू! चावीला हात न लावता! पुढच्या सिग्नलला पुन्हा तेच. त्याच्या पुढच्यालाही तेच. घरी येईपर्यंत त्याचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता.

आता साधं काम काय होतं? शोरूमला फोन करायचा. पण शोरूममध्ये ती पोरगी होती. श्रुतीला सांगायचं? तर गाडी कुणी पसंत केली होती? हमी कुणी दिली होती? दादासो गाडी घेऊन थेट उद्यमनगरात गणपतराव मेस्त्रीकडं गेला. दोघं जीपच्या काळातले दोस्त. गणपतरावनं आयुष्यात मोडकं इंजिन नुसतं हुंगून सांगितलेलं, काय झालंय ते. त्यानं बॉनेट उघडलं. आत सगळं काळ्या प्लास्टिकनं झाकलेलं. हुंगायला काही जागाच नव्हती. दोन ठिकाणी पान्यानं ठोकून बघितलं आणि म्हणाला, "चालू कर. न्यूट्रल कर. सोड पाय."

दादासो दार उघडं टाकून, एक पाय बाहेर ठेवून बसला. पट्टा लावलेला नाही. बॉनेट आ वासलेलं. गाडी चालू राहिली. पाच मिनिटं झाली, दहा झाली, चहा येऊन पिऊन झाला. गाडी बंद म्हणून पडेना.

"दादू, मर्दा," गणपतराव म्हणाला, "गाडीला काय बी झाल्यालं न्हाय. तुलाच भास हुतोय."

"भास? आईशप्पत सांगतो मेस्त्री, तीन सिग्नलला बंद पडली!"

"मग आसं कर. सिग्नलला न्यूट्रलच करू नगंस. हँडब्रेक वड, पैल्या गिअरात ठिव, आर्ध्या क्लचवर धर, वर जरा रेस दे. बघू कशी बंद पडती."

औषध लागू पडलं हो! दुसऱ्या दिवसापासून गाडी एकदाही बंद पडली नाही. सिग्नल लागला की दादासो पहिल्या गिअरात, डावा पाय क्लचवर अर्धा दाबलेला, उजव्या पायानं रेस. गाडी कासऱ्याला ओढ देणाऱ्या खोंडासारखी जागच्या जागी पुढं-मागं हुरहुरत उभी. ताराराणी चौकातला तो लांबलचक लाल दिवा, रविवारची राजारामपुरीतली गर्दी, सगळीकडं तसंच. जवान माणसाचा पाय भरून आला असता. दादासोचा डावा पाय मात्र खांबासारखा. कधी कधी जळका वास यायचा. श्रुती नाक मुरडून विचारायची, "आप्पा, कसला हो वास येतोय?"

"म्होरच्या ट्रकाचा."

पुढं ट्रक नसला तरी.

दिवाळी आली. प्रसेनजीत आला. भाऊबीज उरकल्यावर पन्हाळ्याला जायचं ठरलं. दादासोनं दाढी केली, इस्त्रीचा पांढरा सदरा घातला, पट्टा लावला. शेजारी प्रसेनजीत, मागं श्रुती आणि सरुबाई. गाव पार करताना दादासोनं काय हात दाखवला म्हणता! आरशात नजर, वळणावर इशारा, खड्डा आला की पोटातलं पाणी हलू दिलं नाही. प्रसेनजीत गालात हसत होता. पोराचं मन फिरलं, हे दादासोला बाजूनं न बघताही कळलं. छाती फुगली त्याची.

रंकाळ्याच्या बाजूच्या सिग्नलला गाडी थांबली. अर्धा क्लच, रेस, हुरहूर. प्रसेनजीतनं कपाळाला आठी घातली. "आप्पा, ही बंद कशी होत नाही?"

"बंद कशापायी हुईल? माज्या हातात हाय न्हवं?"

"तसं नव्हे. बंद व्हायलाच पाहिजे. ह्या मॉडेलात तीच तर सोय आहे." आणि पोरगं उत्साहानं सांगायला लागलं. गाडी थांबवून न्यूट्रल केली, क्लचवरचा पाय काढला, की गाडीतला कॉम्प्युटर आधी सगळं तपासतो. बॅटरीत दम आहे का, इंजिन पुरेसं तापलंय का, ड्रायव्हरनं पट्टा लावलाय का, दार आणि बॉनेट बंद आहे का. सगळं जागच्या जागी असलं, तर पेट्रोल तोडून इंजिन बंद करतो. एक जरी गोष्ट चुकली तर बंद करत नाही. निघताना नुसता क्लच दाबायचा, गिअर पडायच्या आत इंजिन चालू. सारखं चालू-बंद सोसावं म्हणून सेल्फ आणि बॅटरी मुद्दाम दणकट दिलेली. "उभ्या गाडीत पेट्रोल कशाला जाळायचं, एवढंच."

दादासोच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गणपतरावचं उघडं बॉनेट दिसलं, बाहेर टाकलेला आपला पाय दिसला, ते हिरवं चिन्ह दिसलं. वर्षाराणीचं अर्धं राहिलेलं वाक्य पुरं झालं. अरे देवा! म्हणजे गाडीला काहीच झालेलं नव्हतं. ती शहाण्यासारखी गप बसत होती आणि आपणच तिला डिवचून उभी ठेवत होतो!

इथं माणूस हसला असता तर सगळं निभावलं असतं. "लेका, मला कुठलं म्हाईत?" एवढं म्हणायचं, टाळी द्यायची, पुढच्या सिग्नलला पाय काढायचा. पण दादासोचं तोंड त्याच्या आधीच बोलून मोकळं झालं. "ते मला म्हाईत हाय की. मीच मुद्दाम हू देत न्हाय."

"का?"

"सेल्फ खराब हुतोय."

"अहो पण सेल्फ त्यासाठीच तर..."

"गाडी तू चालवतोयस का मी?"

मागं सरुबाईनं काचेतनं बाहेर बघायला सुरुवात केली. हा सूर तिला लग्नापासून ठाऊक होता.

पन्हाळ्याचा चढ लागला. पहिल्या वळणाला गाडी जरा रेंगाळली. दादासोनं रेस दिली. आवाज वाढला, वेग वाढला नाही. दुसऱ्या वळणाला गाडीत असा वास भरला, की श्रुतीनं पदर नाकाला लावला. दादासोनं पाय तळापर्यंत दाबला. इंजिन बोंबलत होतं, काटा वर चढत होता, बॉनेटच्या फटीतनं धूर निघत होता, आणि गाडी जागची हलत नव्हती. आयुष्यभर ज्याची धास्ती घेतली ते झालंच नाही हो, इंजिन अगदी ठणठणीत चालू होतं! नुसती गाडी चालत नव्हती.

प्रसेनजीतनं, श्रुतीनं उतरून गाडी कडेला ढकलली. सरुबाईही उतरली. नवी कोरी साडी, हातात चप्पल, ती पण लागली ढकलायला. वरनं उतरणारी एक जीप थांबली, तिचा ड्रायव्हर मुंडी बाहेर काढून ओरडला, "काय पावणं, जाळ आन् धूर संगटच की!" जीपमधली सगळी माणसं खिदळली. दादासो स्टेअरिंग घट्ट धरून समोर बघत बसला. इंजिन बंद करायचं त्याला सुचलंच नाही. शेवटी प्रसेनजीतनं हात घालून चावी फिरवली.

गाडी दुसऱ्या गाडीला बांधून शोरूमच्या वर्कशॉपात आणली. सणाचे दिवस, त्यामुळं निदान व्हायला वेळ गेला. बोलावणं आल्यावर सगळे गेले. तिथला सुपरवायझर काळीठिक्कर पडलेली चकती हातात घेऊन आला. "क्लच प्लेट. पार जळून गेलीय. एवढ्या नव्या गाडीची अशी बघितली नव्हती. काका, तुम्ही सिग्नलला गाडी अर्ध्या क्लचवर धरता का?"

तेवढ्यात वर्षाराणी तिथं आली. दादासोला ओळखून हसली. "पण धरायची गरजच नाही ना, काका. ती तर आपोआप बंद होते. मी त्या दिवशी तेच सांगणार होते, पण..." आणि पोरगी शहाणी, तिथंच थांबली.

"आप्पांना माहीत आहे ते," प्रसेनजीत म्हणाला. बापाची बाजू सावरायला म्हणाला.

"माहीत आहे?" सुपरवायझर चक्रावला. "मग धरून कशाला ठेवता?"

आता सगळे दादासोकडं बघत होते. खरं सांगावं, तर त्या पोरीसमोर सांगावं लागणार, पोरासमोर सांगावं लागणार. चाळीस वर्षं गाडी हाणलेला ड्रायव्हर, फोंड्याच्या घाटात ट्रक मागं घेणारा, त्याला गाडी कधी बंद होते आणि कधी चालू, एवढं कळलं नाही! दादासो चकतीकडं बघत सदऱ्याचं बटण चाळवायला लागला. त्याची ती अवस्था बघून सुपरवायझरला दया आली असावी. तो हळूच म्हणाला, "होतं असं वयात. गुडघा दुखत असला की पाय क्लचवर तसाच राहतो. माणसाला कळत पण नाही."

बुडणाऱ्याला दोर मिळाला. "व्हय," दादासो म्हणाला. "गुडगाच धरतोय. लई दिवस झालं." आणि खात्री पटावी म्हणून दोन पावलं लंगडत जाऊन खुर्चीत बसला.

प्रसेनजीतचा चेहरा एकदम मऊ झाला. "अहो आप्पा, आधी सांगायचं नाही का?" श्रुतीनं वाकून बापाचा हात धरला. दुसऱ्या हातानं त्याच्या सदऱ्याच्या खिशातली गाडीची जोडचावी काढून घेतली. काढताना अशी जपून काढली, जसं झोपलेल्या पोराच्या हातातलं खेळणं काढावं. दादासोनं खिशावर हात नेला, तोवर खिसा रिकामा होता.

परत येताना रिक्षात प्रसेनजीत म्हणाला, "खरं सांगू का आप्पा, मला वाटलेलं तुम्हाला सिस्टीम माहीतच नसेल. तसं असतं तर काहीच नव्हतं. हात तुमचा एक नंबर आहे. दाखवलं असतं आणि चालवली असती तुम्हीच. पण पायालाच त्रास म्हटल्यावर..."

दादासोनं रिक्षाच्या बाहेर तोंड केलं. त्याला रडू आलं होतं आणि ते कुणाला दिसू द्यायचं नव्हतं.

प्रसेनजीत पुण्याला गेला. श्रुतीनं क्लास लावला आणि थोड्याच दिवसांत गाडी बऱ्यापैकी चालवायला लागली. वळणं रुंद घ्यायची, ब्रेक गचकन दाबायची, पण चालवायची. दादासो शेजारी बसायचा. सिग्नलला गाडी गप व्हायची, श्रुती क्लच दाबायची, गाडी बोलायला लागायची. कसली तक्रार नाही, कसला वास नाही. आणि घरी आलं की दादासो जिन्याचा कठडा धरून लंगडत वर. एकदा दुखणं सांगितलं की ते सांभाळावं लागतं. शेजारणी गुळवेल आणून देत होत्या, गणपतराव मेस्त्रीनं कुठल्या वैद्याचा पत्ता काढला होता.

सरुबाई रोज संध्याकाळी तेल गरम करून आणायची. पोरीनंच तिला तसं बजावलेलं. एके दिवशी श्रुती गाडी घेऊन कॉलेजच्या कार्यक्रमाला निघाली होती, खाली गाडीचं दार वाजलं. सरुबाई वाटी घेऊन भुईवर बसली. "पाय हिकडं करा."

दादासोनं उजवा पाय पुढं केला. सरुबाईनं तळहातावर तेल घेतलं, पण पायाला लावलं नाही.

"अवो, क्लच कंच्या पायानं दाबत्यात?"

दादासोनं सावकाश उजवा पाय मागं घेतला आणि डावा पुढं केला.

सरुबाई हसली नाही. "मला गाडी येत न्हाय, पर आख्खा जलम तुमच्या मागच्या सीटवर गेला माजा," ती म्हणाली. "आजून खालीच हाय पोरगी. जावा, सांगा तिला. म्हाईत नव्हतं म्हणावं. चावी दील की ती."

"दील?"

"न दियाला काय झालं? तुमच्या हातची गाडी तिला आवडती. मला बी आवडती."

खाली इंजिन सुरू झालं. दादासोनं दोन्ही हात भुईला टेकले, डावा पाय आवळून घेतला, अर्धा उठला. जिन्याकडं बघितलं. डोळे भरले होते, आणि पायात त्या घडीला कसलंही दुखणं नव्हतं, एका दमात खाली पोचला असता.

मग तो परत बसला आणि पाय लांब केला.

"जरा जोरात चोळ," तो म्हणाला. "आज लईच धरलाय."